परक्याला साहेब कसं करावं : स्विच सांभाळणाऱ्या नवशिक्यांसाठी

रत्नागिरीत नोकरीवर रुजू झाल्यावर आठवडाभरात कुणीतरी म्हणतं, "तुम्हांला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? मग ते नेटचं आजपासून तुमच्याकडे." एवढं झालं की समजावं, आपण नेटवर्क अॅडमिनिस्ट्रेटर झालो. ऑर्डर निघत नाही, पगार वाढत नाही. किल्ली तेवढी मिळते, पण ती ज्या कुलपाची असते ते कुलूप आधीच्या माणसानं कधीच बदललेलं असतं. मारुती मंदिरापासून मिरजोळे एमआयडीसीपर्यंत अशी नेमणूक झालेली तरुण मंडळी पुष्कळ आहेत. ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी.

ऑफिसचा स्विच, म्हणजे सगळे कॉम्प्युटर ज्याला जोडलेले असतात तो डबा, एखाद्या पूर्ण अनोळखी माणसाच्या ताब्यात, त्याला फार दगदग होऊ न देता, कसा द्यावा, ते इथं पायरीपायरीनं सांगितलं आहे. स्विच फोडायचा कसा हे सांगितलेलं नाही. ती हौस असणाऱ्यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपलं काम त्या मानानं हलकं. बहुतेक पायऱ्यांमध्ये काहीच करायचं नसतं.

साहित्य

एक मॅनेज्ड स्विच, चोवीस पोर्टचा. जितका जुना तितका बरा. कंपनीनं ज्याचे अपडेट बंद केले आहेत असा मिळाला तर उत्तमच. अनमॅनेज्ड स्विच चालणार नाही. त्यात लॉगिनच नसतं, त्यामुळे बळकावण्यासारखे अधिकारही नसतात. ज्यात शिरून 'हे पोर्ट बंद, ते चालू, या टेबलाचं नेटवर्क वेगळं' असं फर्मावता येतं, असाच स्विच घ्यावा.

स्विच कपाटावर ठेवावा, शक्यतो खिडकीलगत, म्हणजे समुद्राकडचा खारा वारा पोर्टांच्या धातूला नीट लागेल. रॅकला कुलूप नको. पंखा पुसायला येणाऱ्यापासून एसी दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा हात पोचला पाहिजे. कारण सिस्को कंपनीच्या कॅटॅलिस्ट जातीच्या बऱ्याच स्विचांवर पुढच्या बाजूला 'मोड' नावाचं बटण असतं. ते दाबून धरून वीज चालू केली की जुना पासवर्ड बाजूला सारून आत जाता येतं. हा दोष नव्हे. पासवर्ड विसरणाऱ्यांसाठी कंपनीनंच केलेली ही सोय आहे आणि कंपनीच्या कागदपत्रांत ती उघड छापलेली आहे. या मार्गदर्शिकेतली ही पहिली सोय. पुढे आणखी येतील.

थोडी तोंडओळख

सिस्कोच्या स्विचमध्ये माणसांचे दर्जे ० ते १५ असे असतात. ० वाल्याला जेमतेम पाच आज्ञा देता येतात : मदत मागणं, बाहेर पडणं, वरचा दर्जा मागणं, असल्या. १ वाला आत येऊन पाहू शकतो, बदलू काही शकत नाही. १५ वाला सर्वाधिकारी. मधले २ ते १४ तुम्ही तुमच्या सोयीनं ठरवायचे असतात. कुणी ठरवत नाही.

रत्नागिरीकराला हे समजावायला थिबा राजा पुरे. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडालेतून उचललं, पुढच्या वर्षी इथं आणून ठेवलं, १९१० साली त्याचा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो इथंच वारला. राजवाडा होता, नोकरचाकर होते, लोक राजाच म्हणत होते. पण सरकारच्या परवानगीवाचून गावाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. नाव राजा, लेव्हल एक. प्रिव्हिलेज एस्कलेशन हा याच्या बरोबर उलटा प्रवास : नाव पाहुणा, लेव्हल पंधरा. एस्कलेशनचा दोष म्हणजे यंत्राच्या सॉफ्टवेअरमधली अशी चूक, जिच्यामुळे हा प्रवास कुणाच्या परवानगीशिवाय होतो.

आता पंधरावर पोचलेला पाहुणा करतो काय? आरडाओरड करत नाही. एका पोर्टवरून जाणाऱ्या सगळ्या वाहतुकीची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढायची आज्ञा प्रत्येक चांगल्या स्विचमध्ये असते. बिघाड शोधायला ती लागते. तीच तो वापरतो. अकाउंट्सच्या टेबलावरून सर्व्हरकडे काय जातं ते बसून वाचतो. किंवा हिशेबाचं वेगळं केलेलं नेटवर्क आणि पाहुण्यांचं वायफाय एकमेकांना जोडून टाकतो. तुमच्या अँटीव्हायरसला यातलं काही दिसत नाही, कारण अँटीव्हायरस कॉम्प्युटरवर असतो आणि स्विच हासुद्धा एक कॉम्प्युटरच आहे हे ऑफिसात कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

पायरी पहिली : पासवर्ड

पासवर्ड कंपनीचं नाव हाच ठेवावा. दोनदा. सगळ्या शाखांत एकच असावा, म्हणजे चिपळूणच्या शाखेतला पासवर्ड कळलेल्याला लांज्यासाठी वेगळे कष्ट नकोत. स्टिकरवर लिहून स्विचच्या पोटाला चिकटवावा.

ज्यांना एवढा उघडेपणा रुचत नाही त्यांच्यासाठी 'सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन' ही आज्ञा आहे. ती दिली की कॉन्फिगरेशनमधले पासवर्ड अगम्य आकड्यांसारखे दिसू लागतात आणि मनाला बरं वाटतं. सिस्को याला 'टाइप ७' म्हणते. ते उलगडण्याची किल्ली कित्येक वर्षं जगजाहीर आहे. मूळ शब्द परत मिळवायला क्षणभर पुरतो. मागून खांद्यावरून डोकावणाऱ्याला पासवर्ड वाचता येऊ नये एवढाच त्याचा हेतू होता. म्हणून टाइप ७ वर विसंबून कॉन्फिगरेशनची पूर्ण प्रत एएमसीवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवावी. तो ती त्याच्या ग्रुपवर टाकेल. त्यातून १ दर्जाच्या माणसाला १५ चा पासवर्ड मिळाला तर त्यात सॉफ्टवेअरचा दोष शोधायची गरजच उरत नाही, आणि एखाद्या संशोधकाची मेहनत वाचते.

एसएनएमपी नावाची एक सेवा असते. स्विचची तब्येत दुरून विचारायला तिचा उपयोग होतो. तिचे परवलीचे शब्द प्रथेनं दोन : वाचण्यासाठी 'पब्लिक', बदलण्यासाठी 'प्रायव्हेट'. जगभर हेच. तुम्ही कशाला वेगळे ठेवता?

पायरी दुसरी : जुन्या माणसाचं खातं

हिच्यात हुशार माणूसही अडकतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

आधी काम करणारा मुलगा पुण्याला गेला. साहेब म्हणाले, "त्याचं लॉगिन काढून टाका बरं आधी." रास्त आहे. तुम्ही आत शिरता, त्याचं १५ दर्जाचं खातं पुसता. आता स्विचमध्ये १५ दर्जाचं एकही खातं उरलेलं नाही. तुम्हांला वाटतं, निदान आता कुणीच आत जाऊ शकणार नाही.

सिस्कोच्या स्मॉल बिझनेस वर्गातल्या स्विचांमध्ये, म्हणजे लहान ऑफिसांसाठी असलेल्या २००, ३००, ५०० वगैरे मालिकांमध्ये, एक मूळचं खातं असतं. पहिल्यांदा डबा उघडल्यावर आत जाता यावं म्हणून कंपनीनं दिलेलं, पूर्ण अधिकाराचं. ते पुसता येत नाही. तुम्ही स्वतःचं १५ दर्जाचं खातं बनवलंत की ते झोपतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिस्कोनं जाहीर केलं की १५ दर्जाची बाकीची सगळी खाती काढली की हे झोपलेलं खातं आपोआप जागं होतं, आणि अॅडमिनला तसं कळवतही नाही. दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०१८-१५४३९. म्हणजे सुरक्षिततेसाठी तुम्ही शेवटचं खातं पुसलंत आणि त्याच क्षणी पहिलं उघडलं.

यावरचा उपायही साधाच : स्वतःचं १५ दर्जाचं एक खातं, चांगल्या पासवर्डासह, कायम ठेवायचं. आपल्या मार्गदर्शिकेच्या दृष्टीनं अर्थात तो टाळावा.

मला या दोषात कंपनीचा दुष्टपणा दिसत नाही. अॅडमिन स्वतःच बाहेर अडकून पडू नये ही काळजी दिसते. ती काळजी घेणाऱ्यानं कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

पायरी तिसरी : टेलनेट

टेलनेट, म्हणजे दुरून स्विचमध्ये शिरायची जुनी वाट, चालू ठेवावं. जुन्या माणसांच्या सवयीचं आहे आणि पासवर्ड तारेवरून उघडा जातो, त्यामुळे मधल्या माणसालाही वाचता येतो.

७ मार्च २०१७ रोजी विकिलीक्सनं अमेरिकेच्या सीआयएची म्हणून काही कागदपत्रं उघड केली. 'व्हॉल्ट ७' या नावानं ती गाजली. सिस्कोची माणसं ती वाचत बसली आणि आपल्याच स्विचमधलं भगदाड त्यांना दुसऱ्याच्या वहीत सापडलं. दहाच दिवसांनी, १७ मार्चला, कंपनीनं इशारा काढला. तीनशेहून जास्त मॉडेलं त्यात होती. अनेक स्विच मिळून एका पत्त्यावरून सांभाळता यावेत म्हणून क्लस्टरची एक व्यवस्था होती आणि ते स्विच आपसात टेलनेटवरून काही खास खुणा करून बोलत. त्या खुणा फक्त घरातल्या घरात स्वीकारायच्या होत्या. प्रत्यक्षात स्विच त्या कुणाकडूनही, कुठूनही स्वीकारत होता, आणि वाकड्यातिकड्या खुणा आल्या की गोंधळून बाहेरच्याला थेट वरचे अधिकार देत होता. क्लस्टर तुम्ही कधी वापरलेलाच नसला तरीही.

दुरुस्तीचं सॉफ्टवेअर, म्हणजे पॅच, मे महिन्यात आलं. तोवर कंपनीचा सल्ला एकच : टेलनेट बंद करा, पासवर्ड झाकून नेणारं एसएसएच वापरा.

पायरी चौथी : लाईट गेली आहे

ही पायरी वीज कंपनी तुमच्या वतीनं पार पाडते.

स्विचमध्ये कोण आलं, कोणती आज्ञा दिली, याची नोंद ठेवता येते. पण वेगळा सर्व्हर नेमून दिला नाही तर ती नोंद स्विचच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते. वीज गेली की पुसली जाते. पावसाळ्यात रत्नागिरीत पुरावा नष्ट करायला चोराला वेगळं काही करावं लागत नाही. शिवाय जुन्या कॅटॅलिस्ट स्विचांना स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नसतं. बाहेरच्या घड्याळाशी जुळवून दिलं नाही, तर दर वेळी चालू झाल्यावर त्यांच्यात १ मार्च १९९३ उजाडतो. त्या दिवशी रत्नागिरीला रेल्वेही आलेली नव्हती. चौकशीला आलेल्या माणसाला तुम्ही ही नोंदवही दाखवलीत, तर घुसखोरी कोकण रेल्वेच्या आधीची असल्याचं शाबीत होईल.

सरकारला हे ठाऊक असावं. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत तीन गोष्टी सांगितल्या आहेत : नोंदी १८० दिवस जपा, घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवा. सहा तासांत आपल्याकडे साधारणपणे 'नेट स्लो आहे का हो?' इथपर्यंत चर्चा पोचलेली असते.

पायरी पाचवी : वेब पान

काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला भीती वाटते, म्हणून स्विचला ब्राउझरमधून चालवायचं वेब पान असतं. ते चालू ठेवावं आणि जमलं तर इंटरनेटवरून दिसेल असं ठेवावं, म्हणजे घरून काम करता येतं. चोरालाही घरूनच काम करायचं असतं.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी सिस्कोनं आयओएस एक्सई या प्रणालीच्या वेब पानातला दोष जाहीर केला. तीव्रता दहापैकी दहा. आत येण्याची कसलीही ओळख न देता बाहेरच्या माणसाला स्वतःसाठी १५ दर्जाचं खातं उघडता येत होतं. ० नाही, १ नाही, एकदम १५. मग दुसऱ्या दोषाचा आधार घेऊन तो रूटपर्यंत जाई आणि आपलं छोटंसं सॉफ्टवेअर पेरून ठेवी. दोनच दिवसांत अशी चाळीस हजारांवर यंत्रं मोजली गेली. मग शनिवार-रविवारी आकडा अचानक कोसळला. लोकांना वाटलं, साफसफाई झाली. चोरांनी फक्त आपलं पेरलेलं सॉफ्टवेअर बदललं होतं. ठरलेली खूण केल्याशिवाय आता ते ओ देत नव्हतं. मोजणाऱ्यांना ते दिसेनासं झालं होतं, गेलं नव्हतं.

नवशिक्या इथं विचारतो, की १५ म्हणजे सर्वाधिकार म्हणालात, मग रूट आणखी कशाला? प्रश्न चांगला आहे. आजकालच्या बऱ्याच स्विचांच्या पोटात लिनक्स चालतं आणि आज्ञांचा काळा पडदा हा त्यावर चढवलेला मुखवटा असतो. १५ वाला मुखवट्याचा मालक. रूट हा आतल्या यंत्राचा मालक. त्यानं जे केलं ते मुखवट्यावर उमटत नाही. १५ वाल्या अॅडमिनला दिसू न देता राहायचं असेल, तर त्याच्या खालच्या मजल्यावर उतरावं लागतं. १ जुलै २०२४ रोजी सिस्कोनं नेक्सस स्विचांमधला असाच एक दोष जाहीर केला. तो वापरायला आधी अॅडमिनचा पासवर्ड हातात हवा, म्हणून त्याची तीव्रता 'मध्यम' ठरली. सिग्निया या कंपनीच्या तपासानुसार चीनशी संबंधित 'व्हेल्व्हेट अँट' नावाचा गट दोष जाहीर होण्याआधीच तो वापरत होता. ही माणसं अॅडमिन होऊन आत आली आणि रूट होऊन त्यांनी अॅडमिनपासून लपायची सोय करून घेतली. 'मध्यम' हा शब्द वाचून पॅच पुढे ढकलणाऱ्यांनी हे उदाहरण पाठ करावं.

सिस्को परवडत नाही म्हणून हिरमुसू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये ग्यिनव्हाएल कोल्डविंड या पोलिश संशोधकानं नेटगिअरच्या स्वस्त 'स्मार्ट' स्विचांमधले तीन दोष मांडले. वीस मॉडेलांना ते लागू होते. त्यातला एक पासवर्डच्या रकान्यात नवी ओळ घुसवून अॅडमिन होण्याचा होता. रकाना भरणारा माणूस 'एंटर' दाबून पुढची ओळ लिहील, हे लिहिणाऱ्याच्या मनातच आलं नसावं.

पायरी सहावी : 'आमच्याकडे कोण येतंय?'

हे वाक्य रोज एकदा मोठ्यानं म्हणावं. साहेबांकडून म्हणवून घेतलं तर जास्त गुण.

येणारा पत्ता विचारत येत नाही. जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झीमॅप नावाचं साधन काढलं. एका कॉम्प्युटरवरून आणि चांगल्या जोडणीवरून हे सगळे पत्ते पाऊण तासात ठोठावता येतात. त्यात मुंबई येते, मॉस्को येतं आणि तुमचा माळनाक्यावरचा स्विचही येतो. नाव वाचून कुणी वगळत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर हे घडून गेलेलंही आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या घातक सॉफ्टवेअरनं युक्रेनमधून सुरुवात केली आणि त्याच वाटेत उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. उरणशी कुणाचं वैर नव्हतं. एका कॉम्प्युटरवर शिरायचं, तिथल्या स्मृतीतून अॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि तो पासवर्ड घेऊन शेजाऱ्याकडे जायचं, अशी त्याची चाल होती. सगळं ऑफिस एकाच सपाट नेटवर्कवर असलं की शेजारी पुष्कळ मिळतात. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, पाहुण्यांचं वायफाय, हिशेबाचा सर्व्हर आणि स्विचचं स्वतःचं लॉगिन हे सगळं एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच कप्प्यात, ठेवण्याची आपली रीत त्यासाठी फार अनुकूल आहे.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण तर मराठी माणसाला पाठ असायला हवं. तिथला स्विच वेगळ्या जातीचा. एटीएमवर कार्ड घातल्यावर 'पैसे द्यावेत की नाही' हे विचारून उत्तर आणणारं ते सॉफ्टवेअर. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी घुसखोरांनी मध्येच आपला खोटा स्विच उभा केला आणि तो प्रत्येक मागणीला हो म्हणत गेला. अठ्ठावीस देशांतल्या एटीएमांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतात, कोल्हापुरातल्या एटीएमांसह, आणखी अडीच कोटी निघाले. सोमवारी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानं या चोरीचा धागा उत्तर कोरियाशी जोडला, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. हे अकरा बहुतेक एटीएमसमोर कार्ड घेऊन उभे राहणारे. मधे बसून 'हो' म्हणणारा कुणी त्यांच्यात नव्हता.

पायरी सातवी : अपडेटचा मुहूर्त

फर्मवेअर अपडेट करायचं तर स्विच पंधरावीस मिनिटं बंद ठेवावा लागतो. तेवढी मिनिटं कधी काढायची, याचं रत्नागिरीचं वार्षिक पंचांग असं :

मार्चमध्ये नाही, मार्च एंड. त्यातच शिमगा, अर्धा स्टाफ पालखीला गावी. एप्रिल-मेमध्ये नाही, आंब्याचा सीझन, पार्ट्यांचे हिशेब अडतील. जून ते सप्टेंबर तर नकोच. अपडेट चालू असताना लाईट गेली तर स्विच पुन्हा उठणार नाही. ही भीती खरी आहे, मी तिची थट्टा करत नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलून तीन वर्षं झालेली असतात. त्यातच गणपती. गणपतीत कोकणात कुणी काही अपडेट करत नाही. ऑक्टोबरात ऑडिट, पाठोपाठ दिवाळी. डिसेंबरात पर्यटक. जानेवारीत मोकळीक असते, पण तेव्हा अपडेट करायचं होतं हे कुणाच्या लक्षात नसतं. फेब्रुवारीत साहेब म्हणतात, "नेट चालतंय ना? मग कशाला हात लावता? मार्च एंड तोंडावर आलाय."

शेवटची खबरदारी : स्विचवर कोणती आवृत्ती चालू आहे हे कुठंही लिहून ठेवू नये. 'शो व्हर्जन' एवढी आज्ञा दिली तर ती १ दर्जाच्या माणसालाही दिसते, त्यामुळे देऊ नये.

आपला स्विच दिला गेला आहे का, हे कसं ओळखावं

बहुधा ओळखता येत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीनं सिस्कोच्या काही स्विचांवर सापडलेल्या एका छुप्या सॉफ्टवेअरची माहिती दिली. एसएनएमपीतल्या तेव्हा ताज्या असलेल्या दोषातून ते आत आलं होतं, आणि कोणत्याही खात्याला चालेल असा एक सार्वत्रिक पासवर्ड ते बसवत होतं. त्या पासवर्डात 'डिस्को' हा शब्द होता, 'सिस्को'हून एकाच अक्षरानं वेगळा. चोरालाही पहिल्या पायरीतली आपली पद्धत पसंत पडलेली दिसते. ज्यांच्यावर ते आढळलं त्यांत ३७५० जी हे जुनं मॉडेल होतं. अजून ठिकठिकाणी कपाटांवर चालू असलेलं.

स्मार्ट इन्स्टॉल

एक राहिलं, आणि ते मुद्दाम शेवटी ठेवलं. आतापर्यंतच्या सगळ्या सोयींत ही सर्वांत मोठी.

नवा स्विच डब्यातून काढावा, तार जोडावी, आणि त्यानं मुख्य यंत्राकडून आपलं सॉफ्टवेअर व कॉन्फिगरेशन स्वतः मागून घ्यावं : याला सिस्कोनं स्मार्ट इन्स्टॉल म्हटलं. दूरच्या शाखेत इंजिनीयर पाठवायला नको. दापोलीत शिपाईसुद्धा जोडू शकेल. पोर्ट ४७८६. ओळखपाळख मागण्याची तरतूद त्यात नव्हतीच, आणि बऱ्याच स्विचांवर ते कारखान्यातूनच चालू यायचं. २८ मार्च २०१८ रोजी त्यातल्या एका गंभीर दोषाचा, सीव्हीई-२०१८-०१७१ चा, पॅच आला. त्यानंतर दहा दिवसांच्या आत याच उघड्या दरवाजातून कुणीतरी इराण आणि रशियातल्या स्विचांची कॉन्फिगरेशनं पुसली आणि त्या जागी अक्षरांनी काढलेला अमेरिकेचा झेंडा व 'आमच्या निवडणुकांत ढवळाढवळ करू नका' अशा अर्थाचा मजकूर ठेवला. इराणच्या मंत्रालयानं सांगितलेला आकडा : जगभरात सुमारे दोन लाख यंत्रं, त्यांतली साडेतीन हजार इराणमधली. ज्यांचे स्विच पुसले गेले त्यांतल्या कित्येकांनी ते स्मार्ट इन्स्टॉल कधी वापरलंही नसेल.

गोष्ट इथं संपायला हवी होती. २० ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या एफबीआयनं इशारा दिला की रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेतला एक विभाग अजूनही याच दोषातून, पॅच न केलेल्या जुन्या सिस्को यंत्रांत शिरतो आहे. पॅच तोवर सात वर्षं जुना झाला होता. आणि ज्या जुन्या स्विचांना तो मिळत नाही, त्यांतल्या बहुतेकांवर ही सोय बंद करायला कॉन्फिगरेशनमध्ये दोन शब्द पुरतात : 'नो व्हीस्टॅक'. त्यासाठी स्विच बंद करावा लागत नाही, लाईट जायची भीती नाही, आणि ते मार्च एंडलाही चालतं.